पहिल्या नारळाचा संदर्भ

आमच्या गावच्या होळीला पहिला नारळ आमच्या घरचा. माझा बाप ठेवायचा, आता मी ठेवतो, माझ्यामागं माझा पोरगा ठेवील. होळी उभी राहिली, ढोल थांबला की सगळं गाव वळून आमच्याकडं बघतं आणि मी पुढं होतो. तेवढ्या चार पावलांसाठी हा माणूस वर्षभर ताठ चालतो, असं माझी बायको म्हणते. म्हणू दे. खोटं नाही ते.

मी चौथी शिकलो. पोशीर नदीच्या अंगाला आमची भातशेती. शेतीतून मोकळा झालो की उन्हाळ्यात चौक गावाला हायवेवर एका गॅरेजात पंक्चर काढायला जायचो. वाचता येतं, सही करता येते, पेपर रोज वाचतो. पण लिहायचं म्हटलं की हात जड होतो. हे सांगायचं कारण, पुढं जे झालं ते सगळं लिहिण्यावरून झालं.

माझी सून खोपोलीची, शिळफाट्याची. तिच्या बापाचं तिथल्या बाजारात दुकान. पोरगी बी. ए. झालेली. लग्न होऊन आली तेव्हा मी मनात म्हटलं, ही काय चिखलात उतरणार. ती उतरली नाही. पण तिनं आळीतल्या पोरांच्या शिकवण्या घरातच सुरू केल्या, त्यासाठी वायफाय घेतलं, आणि घरात कुणाचा शब्द खाली पडू दिला नाही. दुपारी जेवणं आटोपली की ती मागच्या पडवीत बसायची आणि मोबाईलवर तिचे अंगठे चालायचे. मला वाटायचं माहेरी बोलत असेल.

एक दिवस तिनं मला विचारलं, "बाबा, राब भाजतात म्हणजे नक्की काय करतात?"

आता हे मला विचारावं आणि मी थोडक्यात सांगावं, हे होणं नाही. जमिनीचा तुकडा कसा निवडायचा, त्यावर शेण, पाला, गवत कसं थरानं पसरायचं, वाऱ्याच्या कोणत्या अंगानं पेटवायचं आणि भाजलेल्या जमिनीत भाताचं रोप कसं जोमानं येतं, हे सगळं मी तिला उन्हं कलेपर्यंत सांगितलं. ती ऐकत होती आणि मोबाईलमध्ये टिपत होती. शेवटी मी विचारलं, हे कशाला गं?

तेव्हा तिनं दाखवलं. इंटरनेटवर एक मोठा ज्ञानकोश आहे. तो कुणी एक पंडित लिहीत नाही. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, असा तो चालतो. ही आमच्या घरात आल्यापासून, त्याच्याही आधीपासून, त्यात लिहीत होती. तालुक्यातल्या नद्या, भाताच्या जाती, डोंगरावरच्या पायवाटा, गावं. त्या गावांत आमचं गावही होतं. आमच्या गावाचं नाव ठळक अक्षरात, खाली तळं, शाळा, पीक, सगळं. मी चष्मा पुसून परत वाचलं.

"ह्याचं तुला काय मिळतं?" मी विचारलं.

"काही नाही. सगळे फुकटच लिहितात."

"मग कशापायी?"

ती हसली. "तुम्ही होळीला नारळ ठेवता, त्याचे तुम्हाला कोण पैसे देतं?"

हे उत्तर मला आवडलं. त्यानंतर दुपारी पडवीत माझीही खुर्ची लागायला लागली. ती विचारायची, मी सांगायचो. पण मी सांगितलेलं ती तसंच्या तसं कधी लिहायची नाही. कुठंतरी छापील शोधायची, सापडलं तर लिहायची, नाही सापडलं तर ठेवून द्यायची. मी रागवायचो. मी डोळ्यांनी बघितलेलं आणि हातांनी केलेलं, त्याला छापील कशाला? ती म्हणायची, तुमचं खरंच आहे बाबा, पण वाचणाऱ्याला तुम्ही कुठं भेटणार? त्याला पडताळून बघता आलं पाहिजे. मला पटलेलं नसायचं. म्हातारपणी कुणी आपल्याला रोज काहीतरी विचारतं, ह्याचं सुख मात्र मोठं होतं. ते आता सांगताना कळतंय.

मग मी तिला म्हटलं, गावाच्या पानावर आपल्या होळीचं लिही. पहिल्या नारळाचं लिही.

ती म्हणाली, होळीचं कुणीतरी लिहील, पण आपल्या घराच्या मानाचं मी लिहू शकत नाही. त्या कोशाचा नियम आहे, आपल्या घराबद्दल आपण लिहायचं नसतं, कारण आपला हात आपल्याच बाजूला वळतो. प्रत्येक पानामागं एक चर्चेचं पान असतं. गावाच्या चर्चापानावर तिनं पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं की हे गाव माझं सासर आहे, म्हणून सासरच्या घराण्याबद्दल मी ह्या पानावर काही लिहिणार नाही. तुमचं म्हणणं तुम्ही चर्चापानावर मांडा, ती म्हणाली, बाकीचे बघतील आणि ठरवतील.

मला हे लागलं. सून आपली, लिहिणारी आपली, आणि सासरचं नाव लिहायला नको म्हणते. तेही जगाला आधीच सांगून ठेवलंय. मी तिला न सांगता दुसऱ्या दिवशी नेरळला गेलो आणि एका मोबाईलच्या दुकानातून त्या कोशावर माझं खातं उघडून घेतलं. दुकानदारानं माईकचं बटण दाखवलं. तिथं बोट ठेवायचं आणि बोलायचं, आपोआप अक्षरं उमटतात. मला तर हे देवानं दिल्यासारखं झालं. घरी येऊन ओटीवर बसलो आणि बोललो, की गावच्या होळीचा पहिला नारळ ठेवण्याचा मान खालच्या आळीतल्या आमच्या घराण्याकडे पूर्वापार अखंड चालत आला आहे.

उमटलं. जगात गेलं. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, छान हाय, आता जेवायला चला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर माझ्या वाक्याच्या शेवटी कंसात दोन बारीक शब्द चिकटवलेले. संदर्भ हवा.

हे दोन शब्द कुणी शहाण्यानं वाचले तर त्याला काही वाटणार नाही. मला असं वाटलं की भर होळीत, ढोल थांबलेला असताना, कुणीतरी मागून ओरडलं, ह्याचा पुरावा काय? मी ते शब्द काढून टाकले. ते परत आले. परत काढले, परत आले. मग एका सदस्यानं चर्चापानावर मला लिहिलं. भाषा गोड. "आदरणीय सदस्य" अशी सुरुवात. म्हणे हा कोश कुणाचीच बाजू घेत नाही. मान आहे की नाही हे आपण ठरवत नाही, कुठं छापून आलंय का तेवढं बघतो. दोन मतं असतील तर दोन्ही लिहितो. "अखंड" ह्या शब्दाला तर फारच भक्कम आधार लागेल. सारखं पुसणं आणि परत लिहिणं नियमात बसत नाही, तेव्हा कृपया इथं बोलू या.

छापील पाहिजे ना? मागल्या होळीला आम्ही कर्जतहून फ्लेक्स करून आणला होता. माझा फेटा बांधलेला फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, होळीचे मानकरी. तो फ्लेक्स माळ्यावर गुंडाळून ठेवला होता. उतरवला, अंगणात पसरला, कोपऱ्यांवर दगड ठेवून फोटो काढला आणि त्या सदस्याला दाखवला. घे छापील.

त्याचं उत्तर आलं की हा फलक आपण स्वतःच छापून घेतलेला दिसतो, त्यामुळं तो संदर्भ म्हणून धरता येणार नाही. क्षमस्व.

मला क्षमस्व शब्दाचा सगळ्यात जास्त राग आला.

सून हे सगळं बघत होती. तिला माझं खातं ओळखायला काय वेळ लागणार? एकदा ताट वाढताना हळूच म्हणाली, बाबा, तो माणूस नीट बोलतोय तुमच्याशी. मी म्हटलं, नीट बोलणाऱ्यालाच जपून राहावं लागतं. तिनं त्या भांडणात एक अक्षरही लिहिलं नाही, ना माझ्या बाजूनं, ना त्याच्या.

माझ्या मनानं मात्र ठरवून टाकलं होतं की हा सदस्य म्हणजे दुसरा कुणी नाही, वरच्या आळीतला म्हातारा. माझ्याच वयाचा, शाळेत माझ्या शेजारी बसलेला. मान कुणाचा म्हणून आमच्या दोन आळ्यांत अधूनमधून कुजबूज असतेच. एका लग्नाच्या हळदीला तो मांडवात समोर बसलेला दिसला आणि मला राहवलं नाही. चार माणसांत त्याला म्हटलं, समोर येऊन बोलायची छाती नाय म्हणून मोबाईलमधून दुसऱ्याच्या बापाचा मान काढतोस काय?

मग बंडीच्या खिशातून त्यानं आपला फोन काढला. बटणांचा, रबर बांधलेला. माझ्यापुढं धरून म्हणाला, "ह्याच्यात काय लिवतात रं? मला दाकव, मी पन लिवतो."

मांडव हसला. बायकांच्या बाजूनंही हसू आलं. कुणीतरी त्याला सगळं समजावून सांगितलं, मी काय लिहिलंय आणि भांडण कशावरून आहे. त्यानं ऐकून घेतलं. हसणं थांबल्यावर तो माझ्याजवळ सरकून बसला आणि मला एकट्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलला.

"मान तुमचाच हाय, मी कवा नाय म्हनलो? पन अखंड म्हंतोस, तर तुजी आजी गेली त्या साली आमच्या अंगनात उभा राहून निरोप कोनी दिला? आमाला सुतक हाय, नारळ तुमी ठेवा. तूच आलतास नं? माज्या बापानं ठेवला, आन दुसऱ्या शिमग्याला न मागता तुमाला परत दिला. तेवडं तरी लिव."

खरं होतं. मी विसरलो होतो असंही नाही. सुतकातला म्हणून त्यांच्या पायरीवर चढलो नव्हतो, अंगणात उभा होतो, आणि त्याच्या आईनं माझ्या हातावर दुरूनच गूळ टाकला होता, हेही मला आठवत होतं. "अखंड" शब्द मी माईकमध्ये बोललो तेव्हाही ते आठवत असणार. पण शब्द भारदस्त होता, वाक्यात शोभला.

तिथंच मी हो म्हणायला हवं होतं. एका शब्दाचा प्रश्न होता. पण मांडव हसला होता ना. मी जेवण न करता उठलो.

आता आमच्याकडं गावात वाद पडला की काय करतात? बैठक बोलावतात. आणि बैठकीला माणूस एकटा जात नाही. भावकी घेऊन जातो. आपल्या बाजूला किती पागोटी बसलीत हे समोरच्याला दिसलं पाहिजे. निम्मा वाद तिथंच मिटतो. मी आयुष्यभर असेच वाद बघितले आणि मिटवले. चर्चापान म्हणजे मला बैठकच वाटली, आणि त्या बैठकीत मी एकटा पडलो होतो.

सून भावाच्या पोराच्या बारशाला शिळफाट्याला गेली होती. पोरगा कामावर. मी भावकीतली माणसं चहाला बोलावली. चुलतभाऊ, पुतणे, एक जावई. ओटीवर चटई टाकली. वायफायचा पासवर्ड भिंतीवर कागदावर लिहिलेला होता, शिकवणीच्या पोरांसाठी. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर खाती उघडली. कुणाला जमेना तर जावयानं उघडून दिली. मग मी एक वाक्य बोललो आणि तेच सगळ्यांनी आपापल्या खात्यातून चर्चापानावर टाकलं. मान आमच्याच घराण्याचा आहे, अखंड आहे, आम्ही साक्षीदार आहोत. हसत-खिदळत चाललं होतं. चुलतभाऊ म्हणाला, "आता बघू, येतो का तो आदरणीय." शेवटी मला चेव चढला आणि तो सदस्य कोण हे ठाऊक नसतानाही मी माझ्या खात्यातून त्याला बोललो, की तू कोण आहेस ते आम्हाला माहीत आहे, हिंमत असेल तर गावात येऊन दाखव.

बैठकीत असं बोललं की समोरचा गप्प होतो. तिथं झालं ते निराळंच.

संध्याकाळी सून आली. एरवी आली की आधी पाण्याचा हंडा बघते, सासूशी बोलते. त्या दिवशी चपला काढल्या आणि ओटीवर तशीच उभी राहिली. चटई अजून तिथंच होती, कपबशा तिथंच. तिनं कपबशांकडं बघितलं, भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं. मग मला म्हणाली, "बाबा, इथून किती जणांनी लिहिलं?"

मी म्हटलं, भावकी आलती.

तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. तिच्या खात्यावर लाल पट्टी होती. प्रतिबंध. तिला आता कोशावर कुठंच काही लिहिता येणार नव्हतं. कोशाची राखण करणारे काही सदस्य असतात, त्यांना प्रचालक म्हणतात. एका दुपारी एकदम नवी खाती उघडतात, सगळी एकच वाक्य बोलतात, त्यातलं एक धमकी देतं, हे बघून त्यांनी तपास केला. सगळी खाती एकाच घरातल्या वायफायवरून आलेली. आणि त्याच वायफायवरून एक जुनं, नावाजलेलं खातं लिहीत होतं, ज्यानं हे गावाचं पान मुळात सुरू केलं. त्यांनी त्याचा जो अर्थ काढला तो कुणीही काढला असता. ही बाई बनावट खाती काढून आपल्या सासरचा मान लिहून घेतेय.

मला अजूनही वाटत होतं की ह्यात एवढं काय. म्हटलं, आपली माणसं आपल्या बाजूनं बोलली तर त्यात खोटं काय झालं?

"तिथं माणसं मोजत नाहीत, बाबा," ती म्हणाली. "तिथं फक्त पुरावा बघतात." आणि आत गेली.

तिनं प्रचालकांना कळवलं की हे मी नाही, घरातल्या दुसऱ्या माणसांनी केलंय. प्रचालकाचं उत्तर तिनं मला वाचून दाखवलं नाही, मीच मागून वाचलं. लिहिलं होतं की पकडलं गेल्यावर जवळजवळ प्रत्येक जण हेच सांगतो, भावानं केलं, घरच्यांनी केलं. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा? शिवाय तिच्या जुन्या लेखांवरही आता शंका आली होती. तिनं लिहिलेली पानं तपासायला काढली होती. नद्या, पायवाटा, राब, सगळंच.

त्या दिवसांत दुपारी ती पडवीत बसायची, पण वाल सोलत. भिजवलेल्या वालाची सालं काढायला काही बघावं लागत नाही, हात आपोआप चालतात. ती समोर आंब्याकडं बघत बसायची. शेवटी बायको मला म्हणाली, "पोरीचं तेवडं एकच व्हतं हो, आपल्या घराबाहेरचं." मी म्हटलं, मग मी काय करू? ती म्हणाली, "तुमी काय केलं ते जाऊन सांगा. आनखी काय."

मी सुनेला म्हटलं, तू लिहून दे, मी माझ्या नावानं टाकतो. ती नाही म्हणाली. पहिल्यांदा सरळ तोंडावर नाही म्हणाली.

"माझा हात लागला की ते मीच लिहिलं म्हणतील. तुम्हालाच लिहावं लागेल. ह्या वायफायवरून नको. आणि तुमच्या शब्दांत."

माझं खातं बंद झालं होतं, पण बंद झालेल्यालाही आपल्या खात्याच्या चर्चापानावर म्हणणं मांडता येतं, एवढं तिनं सांगितलं. मी नेरळला जाऊन मोबाईलमध्ये नेटचा रिचार्ज मारून घेतला आणि ओटीवर बसलो. हातानं लिहायला गेलो तर जोडाक्षर सापडेना. मग माईकवर बोट ठेवलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे मला मोठ्यानं बोलावं लागणार आहे.

पुटपुटलं तर ते यंत्र घेत नाही. थांबलं तर बंद पडतं. आमची ओटी रस्त्यालगत. समोरच्या अंगणात शेजारीण कपडे वाळत घालत होती, पारावर दोघं-तिघं बसलेले, आत स्वयंपाकघरात बायको आणि सून. मी खाकरलो आणि बोलायला लागलो. मी खालच्या आळीतला माणूस आहे. माझं शिक्षण चौथी. ती सगळी माणसं मी बोलावली. वाक्य माझं आहे. धमकी मी दिली. माझी सून त्या दिवशी घरी नव्हती. तिनं मला आधीच सांगितलं होतं की आपल्या घराबद्दल आपण लिहायचं नसतं.

इथपर्यंत एका दमात झालं. पारावरचं बोलणं थांबलं होतं. शेजारणीच्या हातात पिळलेलं लुगडं तसंच होतं.

मग मी म्हटलं, अखंड हा शब्द खोटा आहे. माझा आवाज बसला असावा. यंत्रानं काहीच घेतलं नाही, माईक बंद पडला. मी परत बोट ठेवलं आणि परत म्हटलं, आता जरा जोरात. अखंड हा शब्द खोटा आहे. एका साली आम्हाला सुतक होतं. मी स्वतः निरोप घेऊन गेलो होतो. त्या साली नारळ वरच्या आळीनं ठेवला आणि पुढच्या साली आम्हाला न मागता परत दिला. माझ्याकडं ह्याचाही छापील पुरावा नाही.

बटण दाबलं आणि तसाच बसून राहिलो. आत भांड्यांचा आवाज नव्हता. सगळं ऐकलेलं होतं. बायको चहा घेऊन आली, कप खाली ठेवला आणि आत गेली. इतकी वर्षं संसार केला, पण तिच्यासमोर मी कधी एवढा उघडा पडलो नव्हतो.

पुढं जे झालं त्यानं मला जास्त लाजवलं. माझ्या म्हणण्याखाली पहिलं उत्तर त्या आदरणीयवाल्या सदस्याचं आलं. ज्याला मी गावात यायचं आव्हान दिलं होतं, तो. त्यानं प्रचालकांना लिहिलं की मी विदर्भात राहतो, ह्या गावाशी माझा संबंध नाही. त्यानं सुनेचं ते जुनं वाक्य शोधून दाखवलं, हे माझं सासर आहे, मी सासरच्या घराण्याबद्दल लिहिणार नाही. त्यानंतर तिनं खरोखरच त्या विषयाला हात लावलेला नाही, अख्खा वाद चालू असतानासुद्धा नाही. म्हणाला, नियम इतका कसोशीनं पाळणारी सदस्य एका दुपारी असं करील हे पटत नाही. आणि ह्या आजोबांचं बोलणं पहिल्यापासून एकाच माणसाचं आहे, ते तिचं नाही. तिला परत घ्यावं.

मला त्यानं आजोबा म्हटलं. माझ्या धमकीबद्दल एक शब्दही नाही.

काही दिवसांनी तिचा प्रतिबंध उठला. माझं खातं कायमचं बंद राहिलं, भावकीचीही. पुतणे मला बघितलं की म्हणतात, "काका, आमाला तडीपार केलंत राव." मी हसत नाही. वरच्या आळीच्या म्हाताऱ्याकडं गेलो होतो. म्हटलं, ते लिवलं मी. त्यानं विचारलं, मग आता तिथं दिसतं का ते? मी म्हटलं, नाय, छापील नाय म्हणून घेत नायत. पानावरून नारळाचं सगळंच काढलं. तो म्हणाला, "मंग काय उपेग? बस, च्या घे." आणि मी बसलो. लहानपणी त्या पायरीवर चढलो नव्हतो, ते आठवत बसलो.

माझं ते बोलणं मात्र माझ्या खात्याच्या चर्चापानावर अजून आहे. मी सुनेला विचारलं, ते काढता येईल का? ती म्हणाली, "नाही बाबा. तिथलं जुनं काही जात नाही." उद्या माझ्या नातवंडांनी गावाच्या पानामागचा वाद वाचत माझ्या खात्यापर्यंत माग काढला, तर आजोबाचा मान दिसणार नाही, हे दिसेल.

ती आता परत लिहिते. दुपारी पडवीत तिचे अंगठे चालतात. माझी खुर्ची तिथं आहे, कुणी उचलली नाही. पण आता मी जाऊन बसलो की ती मोबाईल मांडीवर पालथा घालते आणि विचारते, चहा ठेवू का? तिचा राग नाही, हे मला कळतं. ती चुकतही नाही. मी बघितलं तर परत काहीतरी करीन, एवढंच तिला वाटतं. परवा ती बायकोला विचारत होती, आई, मळणीच्या खळ्याला मध्ये जो खांब रोवतात त्याला आपल्याकडं काय म्हणतात? बायकोला सांगता येईना. मी दाराच्या अलीकडं उभा होतो. मला येत होतं.

पूर्वी आमच्या घरात पुरुष माणूस आत यायचा तेव्हा खाकरायचा, म्हणजे सुनांनी पदर नीट करावा. ती रीत मीच मोडली होती, ही सून आल्यावर. तिला म्हटलं होतं, ह्या घरात तसलं काही नाही, मोकळी राहा.

आता मी पडवीत जाताना खाकरतो. म्हणजे तिला मोबाईल पालथा घालायला वेळ मिळतो.